शकूची मूठ

पाच वर्षं फौजेत लॉरी चालवून एकोणीसशे शेहेचाळीसच्या भादव्यात मी घरी आलो. बसरा, मिसर, इटली एवढं बघून आलेला माणूस आमच्या हट्टा गावाच्या बाजूला दुसरा नव्हता, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हतो. सकाळी बूट घालून पारावर जायचं, आगबोटीची गोष्ट काढायची आणि दुपारच्या भाकरीपर्यंत पुरवायची. लोक ऐकायचे. मला वाटायचं, गावात आता आपल्यापुढं कोण आहे!

होती एक. माझी बायको, शकू.

मी नव्हतो त्या वर्षांत तिची मूठ नावाजली होती. पेरणीला माझा धाकटा भाऊ रामकिशन तिफणीचे बैल हाकायचा आणि शकू मागून चालत चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या लाकडी वाटीत, बी सोडायची. ओटीतून मूठ भरायची आणि दाणे असे सोडायचे की तिन्ही नळ्यांत सारखे पडावेत, ना दाट ना पातळ. तिनं पेरलेल्या रानात नांगा, म्हणजे ओळीत मोकळी जागा, सापडायचा नाही. मोहियोद्दीनभाईंचा गहू तर तिच्याशिवाय पेरलाच जात नसे. एवढा मोठा शेतकरी, पण स्वतः दारात येऊन म्हणायचा, "शकूबाई, सुरुवात तुमच्या हातानं."

मला ते सोसेना. तोंडानं मी तिच्या काळजीची भाषा बोलायचो. खरं तर पोटात दुखत होतं.

आश्विनात पाऊस उघडला आणि रानाला पेरणीजोगा वापसा आला. ज्वारी पेरायच्या दिवशी मी तिच्या ओटीतलं बी माझ्या उपरण्यात ओतून घेतलं.

"अवं, हात बसाया लागतो," ती म्हणाली. "पयले दोन तास मी धरते, तुमी बघा."

"मी डोंगरातून लॉरी चालवली. हे बायकांचं काम मला काय शिकवून राहिली? जा घरी."

ती गेली. त्या दिवशी ज्याचा तो आपापल्या रानात गुंतलेला, आमच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. रामकिशन पुढं बैल हाकत होता आणि मागून मी त्याला गोष्टी सांगत होतो. समुद्रात आमच्या डोळ्यांदेखत दुसरी बोट कशी बुडाली, इटलीत बर्फात गाडी कशी रुतली. गोष्ट रंगात आली की माझा हात थांबायचा. संपली की भान यायचं आणि मी भसाभसा बी ओतायचो. त्या वेळी मला यातलं काहीच कळलं नाही. संध्याकाळी मोठ्या ऐटीत घरी आलो.

आठ दिवसांत ज्वारी उगवली आणि माझी अक्कल साऱ्या गावाला दिसली. रान नेमकं वाटेच्या कडेला. बोट बुडाली तिथं चार-चार हात ओळ बोडकी, पुढं गवतासारखी दाटी. माझ्या गोष्टी रानात अशा उमटल्या होत्या.

बैलांना पाण्यावर नेत होतो तेव्हा विहिरीवर बायका शकूला विचारत होत्या. तुझ्या रानात नांगे कसे काय?

"माझीच मूठ चुकली, बाई," शकू म्हणाली.

"चुकंलच की! पाच वर्सांनी धनी घरी आला, ध्यान ठिकाणावर कसं राहील?" नानीबाई म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

एक वाक्य बोलायचं होतं. मी पेरलं, एवढंच. मी बैल तसेच तहानलेले माघारी वळवले.

घरी रामकिशन तिच्यावर चिडला. "वैनी, खोटं काहून बोलली तू?"

"त्यायला पारावर बसायचं हाय," ती भाकरी थापत म्हणाली. मी ओसरीवर होतो, ऐकू येत होतं. मी बुटांना तेल लावत बसलो. दुसरं काय करणार, लाज झाकायला काहीतरी हातात लागतं.

पुढं पंधरा दिवस ती एकटी वाकून नांगे भरत होती. मागून टोकलेलं ते बी खुरटंच राहिलं, येणाजाणाऱ्याला दिसत राहिलं.

कार्तिकात मोहियोद्दीनभाईंच्या गव्हाची पेरणी निघाली. शकूनं भल्या पहाटे आंघोळ केली, स्वच्छ लुगडं नेसली आणि दाराशी उभी राहिली. ऊन अंगणात आलं. मग समोरच्या वाटेनं त्यांची तिफण गेली, मागं नानीबाई ओटी बांधून चालली होती. शकू आत आली, लुगडं बदललं आणि चुलीपुढं बसली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दिवस मावळायला रामकिशनला घेऊन पारावर गेलो. मोहियोद्दीनभाई होते, म्हातारे उकंडराव होते, सगळे होते. उभ्यानंच सांगितलं, "ते रान मी पेरलं. शकूनं त्या दिवशी बियाला हातबी लावला न्हाई. नांगे माझे हायेत."

मोहियोद्दीनभाई उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वा संतराम! बायकोचा ऐब आपल्या अंगावर घेतला. असा मर्द आमी पाहिला न्हाई."

"न्हाई भाई, खरंच सांगून राहिलो!"

"दादा खरं बोलून राहिला," रामकिशन म्हणाला. "तिफण मी हाकत हुतो."

"भाऊ भावाचंच बोलणार," उकंडराव हसले. "मुलूख फिरून आलेला माणूस हाय, दिल मोठा झाला. शकूचं नशीब थोर."

मी पुन्हा सांगितलं. जितकं सांगावं तितके ते माना डोलवायचे.

घरी येऊन शकूला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत राग बघायची माझी तयारी होती, पण ती फक्त दमलेली दिसली.

"विहिरीवर बोलायचं हुतं," ती म्हणाली. "तवा समद्यायनं मानलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी पारावर गेलो. उकंडरावांनी घोंगडी झटकली, सरकून मला आपल्या शेजारी मधोमध जागा केली आणि म्हणाले, "ये, बस."

मी बसलो.