उपडी बाटली

तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात, पाटलाच्या गोठ्याबाहेरच्या खुंटीला एक कप टांगलेला असे. त्यातून एकाच वस्तीतली माणसं चहा पीत. प्यायचा, आपणच विसळायचा, पुन्हा खुंटीला लावायचा.

*

पातूरच्या शिवारात विजेच्या खांबावर चढलेला लाइनमन खाली ओरडतो, "भाकर ठेव अन् जाय घरी! वर काय पाहून राहिली? मी काय पडतो का?"

*

हाड टोचताना आवाज येतो म्हणतात.

*

बडनेऱ्याच्या फलाटावर एक म्हातारा थर्मोकोलची पेटी मांडीवर घेऊन बसला आहे. शेजारचा प्रवासी विचारतो, "कुल्फी हाय का, बुवा?"

*

अमरावतीत एका स्वयंपाकघराच्या खिडकीत, स्टीलच्या पेल्यांच्या रांगेत, एक बोटभर उंचीची प्लास्टिकची बाटली उपडी घातली आहे. निळं झाकण शेजारी. कोवळ्या उन्हात लखलखते आहे.

*

तर गोष्ट या बाटलीची. बाकीचं मागून येऊन जुळेल.

खिडकी केशरबाईची. म्हातारा तिचा नवरा, जानराव. खांबावरचा लाइनमनही तोच, तीस वर्षांपूर्वीचा. आणि पेटीत कुल्फी नव्हती. बर्फाच्या दोन पुड्यांमध्ये जानरावची पहाटेची पहिली लघवी होती, ती अकोल्याच्या दवाखान्यात पोचवायची होती.

जानरावला प्रोस्टेटचा कॅन्सर. कळला तेव्हाच हाडात उतरलेला. दोन वर्षं एका गोळीनं त्याला दाबून धरलं होतं. मग रक्ताच्या तपासणीतला आकडा चढू लागला, उजवा खुबा दुखू लागला. जिना चढताना जानराव मध्येच थांबून भिंतीवरच्या मीटरकडे बघत, जणू रीडिंग घ्यायलाच थांबले आहेत.

अकोल्याच्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं होतं. गाठ रूप बदलते. बदलली असेल तर ही गोळी तिच्यापुढे खडीसाखर. ती बंद करून सलाइनमधलं जहाल औषध सुरू करायचं. बदलली नसेल तर गोळीच चालू ठेवायची. बदलली का, हे बघायला खुब्याच्या हाडातून सुईनं तुकडा काढावा लागतो.

"सुई नाई," जानराव म्हणाले.

पहिल्या तपासणीत खालून सुई घालून बारीक तुकडे काढले होते. त्यानंतर ताप भरला, रक्तात विष पसरलं, माणूस हाती लागतो की नाही असं झालं. जगून घरी आल्यावर ते पहिलं वाक्य बोलले होते, "आता मले मरू द्या, पन टोचू नोका."

केशरबाईनं तेव्हा टोमणा मारला होता. "अकरा हजार व्होल्टाच्या तारेले हात घालनारा मानूस, अन् सुईले भेते!"

"तारेले मी हात लावत होतो. सुई मले दुसरा लावते."



मग डॉक्टरबाई म्हणाल्या, एक नवी तपासणी आम्ही करून बघतो आहोत. बदललेली गाठ आपल्या खुणा शरीरात सोडत असते. त्या लघवीतही उतरतात. टोचायचं नाही, कापायचं नाही. बाटली देतो, ती भरून आणा. नमुना पुण्याला जाईल.

जानराव तयार झाले. पण तिथंच सांगून मोकळे झाले, "हे शेवटचं. यातून जे निंघन ते."

दवाखान्यातल्या चंदा सिस्टरनं जानरावच्या हातात बाटली दिली तेव्हा केशरबाई औषधाच्या खिडकीपुढे रांगेत उभी होती.

*

आता केशरबाईचं घासणं.

लेक दीक्षा म्हणायची, आई एक दिवस भिंती पण घासून पातळ करील. खरंच होतं. घरात येणारं भांडं ती आधी घासायची; घरातून जाणारं भांडं दोनदा. शेजारणीची वाटी परत जायची तेव्हा आरसा होऊन जायची. चांगली नोकरी, स्वतःचं घर, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, सगळं झालं. पण खुंटीचा तो कप तिनं लहानपणी आपल्या हातानं विसळला होता. आपल्या घरून गेलेल्या वस्तूवर कुणी बोट ठेवायचं नाही, हा तिचा धर्मच झाला होता.

बाटली तर डॉक्टरांच्या टेबलावर जाणार होती. तिच्या तळाशी पिवळसर पाणी दिसलं. कोणाचं तरी उष्टं राहिलंय, असं तिच्या मनात आलं. तिनं ते मोरीत ओतलं. साबण लावून, घासणीनं बाटली आतून-बाहेरून घासली, गरम पाणी फिरवलं आणि खिडकीत उपडी घातली.

*

महिन्यानं ते निकालासाठी अकोल्याला गेले. ओसरीतल्या बाकावर बसायला जागा मिळाली. पलीकडे बाळापूरकडचे एक शेतकरी बसले होते. चंदा सिस्टर त्यांना तशीच निळ्या झाकणाची बाटली देत होती.

"बाबा, आत पानी दिसते नं, ते पानी नाई. औषध हाय. लघवी खराब होऊ देत नाई ते. सांडू नोका, धुऊ नोका. समजलं?"

"समजलं."

"काय समजलं? सांगा."

"धुवाची नाई."

 केशरबाईनं झटकन जानरावकडे पाहिलं. ते समोरच्या पंख्याकडे बघत होते.

तेवढ्यात नाव पुकारलं.

डॉक्टरबाई हसूनच म्हणाल्या, "काका, चांगली बातमी आहे. बदलाच्या खुणा सापडल्या नाहीत. गोळीच चालू ठेवू. खुबा झिजेनंही दुखत असेल. बघू."

जानरावनी दोन्ही हात जोडले. बाहेर आल्या आल्या दीक्षाला फोन लावला. फोनमधून तिचं रडणं केशरबाईला दोन हातांवरून ऐकू आलं.

कँटीनमध्ये जानरावनी आलूबोंडे मागवले. कितीतरी दिवसांनी आपण होऊन काही मागितलं होतं त्यांनी.

"खाय नं. थंडे होऊन राहिले."

तिनं बोंडा फोडला. खाल्ला नाही.

आता तिला दोनच गोष्टी करता येत होत्या. गप्प राहिली असती तर नवरा हसत घरी आला असता, गोळी खाल्ली असती, आणि ती गोळी कामाची आहे की नाही हे कुणालाच कळलं नसतं, शेवटी हाडाला कळेपर्यंत. बोलली असती तर पुढे सुई होती. आणि सुईला हा माणूस नाहीच म्हणणार होता. म्हणजे बोलूनही ती त्याचं एवढं हसूच काढून घेणार होती. बाकी हाती काही येईलच, याचा भरवसा नव्हता.

"दीक्षाचे बाबा."

"हं."

"ते बाटली मी घासली होती."

जानरावनी हातातला बोंडा बशीत ठेवला.

"साबन लावून. आतलं औषध मोरीत गेलं. मले वाटलं कोनाचं उष्टं हाय. तो रिपोट खोटा असन."

कँटीनवाल्यानं कढईत नवा घाणा सोडला. तेल चरचरत राहिलं.

"कोनाले सांगतलं?" जानरावनी विचारलं.

"तुमालेच पयले."

"मंग राहू दे. कोनी इचारत नाई."

"मी इचारून राहिली नं!" तिचा आवाज चढला, शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. "गोई खाता का खडीसाखर खाता, मले मालूम व्हाव का नाई? रातच्याले तुमी कन्हता, मी आयकते. मी काय सांगू सोताले? रिपोट चांगला आला म्हनू?"

 जानरावनी उरलेला अर्धा बोंडा कागदात गुंडाळला, खिशात ठेवला आणि खुब्यावर हात देऊन उठले.

"चाल."

*

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. "मग त्यातल्या खुणा वाटेतच विरल्या असतील. हा निकाल धरता येत नाही." कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, "नवी बाटली देते. पण निकालाला पुन्हा महिना. सुईनं आठ दिवसांत कळेल. खुबा बघता मी महिना थांबायला सांगणार नाही. ठरवायचं तुम्ही."

"बाटलीच द्या, म्याडम," केशरबाई घाईनं म्हणाली. "मी हातसुदिक लावनार नाई तिले."

"सुई लावा," जानराव म्हणाले.

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तुमी तर म्हनत होते..."

"म्हनत होतो." त्यांनी तिचा हात ओढून आपल्या गुडघ्यावर ठेवला. साबणानं झिजलेली, सुरकुतलेली बोटं. परक्या माणसासमोर असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. "तुया हातानं काही खराब नाई झालं, केशर. तू रडू नोको."

ती समजूत आहे असं तिला वाटलं. बायकोचं मन राखायला माणूस म्हणतोच असं.

पुढल्या आठवड्यात सुई झाली. त्याच ओसरीत, त्याच बाकावर केशरबाई बसली होती. दार बंद होतं. तिनं कान देऊन ऐकलं, पण आवाज आला नाही. आत जानरावनी भुलीच्या इंजेक्शनआधी डॉक्टरांना सांगितलं होतं म्हणे, की दार नीट लावा, बाहेर माही बायको बसली हाय. निकाल आला. गाठीनं रूप बदललं होतं. गोळी बंद झाली, सलाइन सुरू झालं. पहिल्या दिवशी त्यांच्या एका हातात सुई होती, आणि दुसऱ्या हातात घरून आणलेला पेला. लखलखीत.

*

केशरबाईनं बाटली घासली त्या सकाळी जानराव दाढीचा फेस तोंडाला लावून मोरीच्या दारात उभे राहून बघत होते, आणि चंदा सिस्टरनं त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलेलं "धुवाची नाई" त्यांना आठवत होतं.