शालूबाईनं नात दाखवली

शिला राठोडनं शालूबाईला आठ दिवसांत सगळं समजावून सांगितलं होतं. कागद कोणते, गाडी कोणती, दवाखान्यात तपासणीच्या बोर्डाची खोली कोणती. एकच गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगावी लागते हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

शिला कुरुंद्याजवळच्या तांड्यावरची. तिचा मुलगा ओमप्रकाश स्वमग्न आहे. त्याचं दिव्यांगाचं कार्ड निघायला चार वर्षं गेली, कारण कुठल्या दारात उभं राहायचं हे सांगणारं एक माणूस तिला भेटलं नाही. ज्यांना पगारच या कामाचा मिळतो, त्यांच्यातलंही नाही. त्या रागात तिनं दुसऱ्यांच्या लेकरांची कार्डं काढून द्यायला सुरुवात केली. शालूबाईची नात वैष्णवी हे त्यातलं नववं लेकरू. पहिल्यांदा शिला इंगोल्यांच्या घरी गेली तेव्हा शालूबाईनं तिला घरात न घेता चहा बाहेर ओट्यावरच दिला होता. शिलानं तो प्यायला, कप विसळून ठेवला आणि कामाचं बोलली. तिला चहा नको होता, पोरीचं आधार कार्ड पाहिजे होतं.

वैष्णवी सात वर्षांची. स्वतःहून बोलत नाही, ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणते. कुकरची शिट्टी झाली की भिंतीवर डोकं आपटते. नजर हटली की थेट रस्त्याकडे पळते. शाळेनं सांगून टाकलं होतं, आमच्यानं होत नाही, घरीच ठेवा. कार्ड झालं तर घरी येऊन शिकवणारा विशेष शिक्षक मागता येणार होता, थेरपीच्या खर्चाला सरकारी विमा मिळणार होता. कार्ड नाही तर पोरीच्या वाट्याला खिडकीचा गज आणि त्याला बांधलेला जुन्या लुगड्याचा पट्टा. दुसरं टोक पोरीच्या कमरेला. हे कुणी चारचौघांत बोलत नाही, पण बांधतात.

बोर्डाची तारीख नेमकी हळदीच्या दिवसांत आली. वैष्णवीच्या आईचे दिवस भरत आलेले. बाप सोमेश्वर हळद शिजवायच्या बॉयलरपाशी अडकलेला. आजची पाळी सोडली तर पुन्हा पंधरा दिवस मिळायची नाही. म्हणून आजी निघाली. निघाली ती पोरीला नटवून. नवा परकर-पोलका, तेल लावून दोन घट्ट वेण्या, गालावर काजळाची तीट. शिलाला कौतुक वाटलं. तिथंच ती चुकली.

दवाखान्यात लेकरासोबत घरचं एकच माणूस आत जाऊ देत होते. शिला बाकड्यावर बसली. दहा मिनिटांत शालूबाई बाहेर आली, तोंडभर हसत.

"पास झाली बग पोरगी. एक खोड निघू दिली न्हाई म्या."

शिलानं तिला बाकड्यावर बसवलं. तिनं एकेक करून आतलं सगळं काढून घेतलं.

शालूबाईनं चार लेकी उजवल्या होत्या. पाहुणे बघायला आले की पोरीला पाटावर बसवायचं, विचारतील त्याचं उत्तर आपणच चटकन द्यायचं. थोरलीला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, तर तिला उजवी बाजू पाहुण्यांकडे करून बसवली होती. समोर अनोळखी माणसं बसून आपल्या पोरीबद्दल विचारत आहेत, असा प्रसंग तिला उभ्या आयुष्यात तेवढ्या एकाच तऱ्हेचा माहीत. आजही ती तशीच वागली. डॉक्टरांनी विचारलं बोलते का, तर ही म्हणाली, लई गोड बोलती. झोपते का, तर गुमान झोपती. त्रागा करते का, तर गाय हाय साहेब, गाय. आणि आजीनं आठ दिवस घोकून घेतल्याप्रमाणं वैष्णवीनं हात जोडून खणखणीत सांगितलं, वैष्णवी सोमेश्वर इंगोले, कुरुंदा, तालुका वसमत. डॉक्टर शाबास म्हणाले आणि कागद बाजूला ठेवला.

"मावशी," शिला दात दाबून म्हणाली, "हितं सोयरीक जुळवायची न्हाई."

"मंग काय परक्या माणसाम्होरं म्हणू, माही नात येडी हाय?"

"येडी न्हाई म्हणायचं. जे हाय ते म्हणायचं. खिडकीला काय बांधता, ते म्हणा."

शालूबाईचा चेहरा उतरला. ही गोष्ट घराबाहेर कुणाला माहीत नाही, असं तिला वाटत होतं.

शिलाचा राग म्हातारीवर नव्हता. या देशात लेकराला मदत पाहिजे असेल तर आधी त्याची कमतरता टेबलावर मांडावी लागते. आणि त्याच देशात बाईला जन्मभर शिकवलेलं असतं, पोरीची कमतरता झाकायची. एकाच बाईनं दोन्ही कसं करायचं, हे कुठल्याच अर्जावर छापलेलं नाही.

दारावरचा शिपाई म्हणाला, झालं ते झालं, आता पुढची तारीख घ्या. शिलानं त्याचं ऐकलंच नाही. दार ढकलून ती आत गेली आणि म्हणाली, साहेब, आजी घाबरून चुकीचं बोलली, पुन्हा बघा. डॉक्टर बरा माणूस होता. चिडला नाही. शेवटचं लेकरू झाल्यावर त्यानं तिघींनाही आत बोलावलं.

या वेळी त्यानं पोरीला विचारलं, पाणी पाहिजे का.

"वैष्णवी सोमेश्वर इंगोले, कुरुंदा, तालुका वसमत."

ही तुझी कोण, असं त्यानं आजीकडे बोट करून विचारलं. पुन्हा तेच नाव, तेच गाव, हात जोडलेले. डॉक्टरांनी शालूबाईकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती. शिलानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"साहेब, मगाशी म्या खोटं बोलले," शालूबाई म्हणाली. "लेकरू आपल्या मनानं एक शबूद बोलत न्हाई. मला आजी म्हणून कदी हाक मारली न्हाई. रस्त्यावर पळती म्हणून आमी खिडकीला बांधतो. म्याच बांधते."

मग ती थांबलीच नाही. कुकर, भिंत, डोक्याची टेंगळं, रात्रीची जाग, सगळं बाहेर आलं. डॉक्टर लिहीत गेले. अर्धा तास पोरीला खेळणी देऊन, हाका मारून तपासलं, गुणांची बेरीज केली आणि सांगितलं की कार्ड होईल. थेरपीची पहिली तारीखही पुढच्या मंगळवारची दिली. बांधायची गरज लागणार नाही असं काही शिकवू, म्हणाले.

उठताना शालूबाई अडून बसली.

"इतकं वंगाळ लिवलं, तर एक चांगलं बी लिवा. हिला खोटं बोलता येत न्हाई. आमच्या घरात येकटीच हाय तशी."

डॉक्टर हसले. म्हणाले, त्याला रकाना नाही आजी. नाहीच. कुणाच्या डोक्यात आला असता तर छापला असता.

एसटीत शालूबाईनं खिडकीपाशी नातीला बसवलं आणि शिलाला हाताला धरून आपल्या शेजारी घेतलं. म्हणाली, आता चहा आमच्या चुलीपाशी बसून प्यायचा. शिला म्हणाली, साखर जास्त टाकाल तर येते.

कंडक्टर आला. त्यानं सगळ्यांत आधी पोरीकडेच बघून विचारलं, "कुठं जायचं, बाळा?"

वैष्णवीनं हात जोडले.

"वैष्णवी सोमेश्वर इंगोले, कुरुंदा, तालुका वसमत."

"शाब्बास," कंडक्टर म्हणाला, आणि त्यानं कुरुंद्याची तीन हाफ तिकिटं फाडली.