लाल सिम, निळे सिम आणि करडी घोडी

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा आणि भयंकर संशयी मोबाइल आहे. जुना आणि बटणांचा हे तर मला बघताच कळते. संशयी हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की ह्याने आपल्यापासून लपवले.

माझा संशय जन्मापासूनचा. कारखान्यात मी पट्ट्यावरून सरकत होतो. एका हाताने मला उचलले, दोन बटणे दाबली, टॉर्च लावून बघितला आणि 'उत्तम' असा शिक्का मारून डब्यात कोंबले. दोन बटणांवरून कोणी उत्तम ठरते का? मग बिश्केकच्या बाजारातला दुकानदार माझ्याबद्दल गिऱ्हाइकांना सांगू लागला, "हा पाण्यात पडला तरी बोलतो." मी तोवर पाणी बघितलेही नव्हते. तेव्हाच मी मनाशी ठरवले, विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे नाही, हाताकडे बघायचे.

मला कुबानने घेतले. कुबान ट्रक चालवायचा. कितीतरी वर्षे मी त्याच्या खिशात राहून घाट चढलो आणि उतरलो. "हा माझा गडी, ह्याची बॅटरी संपतच नाही," असे तो इतर ड्रायव्हरांना सांगायचा आणि मी उगाच उजळून निघायचो. मग एक चकचकीत, बोटाने पुसायचा फोन आला आणि मी ट्रकच्या कप्प्यात गेलो, पान्यांच्या आणि सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांच्या शेजारी. कप्प्यात संशय फार वाढतो. बाहेर कोणी हसले की वाटते, आपल्यालाच हसले.

तिथून मला बाहेर काढले ते कुबानच्या आईच्या दुखऱ्या पायाने.

कुबानच्या आईला सगळे आपा म्हणतात. तिचे नाव सोनुनबू. दर उन्हाळ्यात ती घोड्या घेऊन सूसामीर खोऱ्याच्या वर, जायलूवर जाते. जायलू म्हणजे उन्हाळ्यातले कुरण. तिथे नमद्याचे, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचे घर उभारायचे, शिंगरे दोरीला बांधायची, घोड्यांचे दूध काढून, आंबवून त्याचा किमिझ घुसळायचा आणि आल्यागेल्याला पाजायचा. मागच्या उन्हाळ्यात आपा ओढ्यात घसरली. सुजलेला पाय घेऊन ती घरात एकटीच पडून राहिली आणि शेजारीण बुबूश मीठ मागायला आली म्हणून जगाला कळले.

ह्या वर्षी कुबानने तिला ट्रकने वर सोडले, घर उभारून दिले, मला तिच्या हातात ठेवले आणि आपली अट सांगितली.

"आपा, रोज संध्याकाळी तुझा फोन आला पाहिजे. ज्या दिवशी नाही आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ट्रक घेऊन येणार, घोड्या विकणार आणि तुला शहरात नेणार."

"शहरात मी काय करू? तुझ्या बाल्कनीत घोडी बांधू?" आपा म्हणाली.

"मी चेष्टा करत नाहीये."

"मग मीही नाही करत. जा, चहा निवतोय तुझा."

कुबान गेला. आपाबरोबर राहिली तिची नात जिपार, शाळेला सुट्टी लागलेली. आणि राहिलो मी. पण माझ्या पोटात जे सिम होते ते खालच्या गावचे. वर त्याला एक कांडीसुद्धा रेंज मिळेना. मग जिपार रोज दुपारी मला गळ्यात अडकवून घोड्यावरून खाली मोठ्या रस्त्यापर्यंत जायची, "बाबा, आपा बरी आहे" म्हणायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची. इकडे घोड्यांचे दूध काढायला आपा एकटी पडायची आणि तो पाय पुन्हा सुजू लागला. असे किती दिवस चालणार?

अशात एके सकाळी कुरणात एक जीप आली. टपावर लांब काठी, दारावर लाल रंग. आतून उतरला अजमत, नव्या कोऱ्या टोपीतला, सिम विकणारा तरुण.

"आपा, जायलूवर रेंज नाही ना? आता आहे," म्हणाला आणि त्याने एक नकाशा उलगडला. जिथे रेंज तिथे लाल, आणि नकाशात सगळे डोंगर लाल होते. दऱ्या लाल, कडेही लाल, वरचे बर्फसुद्धा लाल. मला लगेच शंका आली. त्या बर्फावर कोण बसलेय फोन करायला?

पण आपल्याकडे पाहुणा आला की आधी नान पुढे येते. अजमतने नान मोडून तोंडात टाकली आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. ज्याने आपल्या घरची नान चाखली, त्याची परीक्षा घ्यायची नसते. त्याला खोटे पाडायचे नसते. आपा गप्प बसली. तिच्या कपाळावरची आठी मात्र गप्प बसेना.

अजमतने माझी पाठ उघडली, जुने सिम काढले आणि लाल सिम बसवले. आणि मित्रांनो, माझ्या अंगात एकदम पाचही कांड्या उभ्या राहिल्या. जिपार नाचायलाच लागली.

"आपा, बघ, भरल्यात सगळ्या. बाबांना लाव ना फोन."

मला आनंद व्हायला हवा होता. पण रेंज कुठून येते हे मला कळते. तुम्हाला जेवणाचा वास कुठून येतो हे कळते ना, तसे. ही रेंज डोंगरावरून येत नव्हती. ती जीपमधून येत होती. मागच्या सीटखाली एक करडी पेटी गुणगुणत होती आणि टपावरची काठी तिचीच होती. ती कुठूनतरी लांबचा बारीक आवाज पकडायची आणि मोठा करून आम्हाला पाजायची. जीप गेली की मी पुन्हा मुका.

आपाचा अंगठा माझ्या बटणावर आला. मी घाबरलो. आज फोन लागला, कुबान खूश झाला आणि उद्यापासून शांतता, तर परवा ट्रक दारात. मला ओरडता येत नाही. मला फक्त कांड्या दाखवता येतात आणि त्या तर खोट्या साक्षीदारासारख्या ताठ उभ्या होत्या.

अंगठा थांबला. आपा जीपच्या काठीकडे बघत होती.

जिपार तिच्या कानाशी लागली. "आपा, त्याला जीप जरा लांब न्यायला सांगू?"

"खबरदार. नान खाल्लीये त्याने."

"पण मग?"

"मग काय, नुसती नान खाल्लीये. किमिझ कुठे प्यायलाय?" आपा मोठ्याने म्हणाली, "अजमत बाळा, माझा किमिझ आज कच्चा आहे. चांगला मिळतो तो बुबूशकडे, ओढ्यापलीकडे. तिला कळलं की पाहुणा इथवर येऊन तिच्या दाराशी आला नाही, तर ती माझ्याशी वर्षभर बोलणार नाही."

"अहो आपा, असू दे, मला पुढे जायचंय."

"म्हणजे माझं तिचं भांडण लावूनच जाणार तू?"

"नाही, नाही. चला, जीप काढतो."

"जीप ओढा ओलांडत नाही. जिपार, करड्या घोडीवर खोगीर चढव. पाहुण्याला पायी चालवलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

खोगीर चढलेला घोडा समोर आणला की पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. अजमतलाही आले नाही. तो शहरातला. करडीवर तो असा चढला, जसा कोणी शिडीवरून माळ्यावर चढतो. करडीने मान वळवून त्याच्याकडे बघितले आणि फुर्रर्र केले. तिलाही तो संशयास्पद वाटला असावा. ही घोडी मला तिथपासून आवडू लागली.

जिपार दुसऱ्या घोड्यावर, मी तिच्या गळ्यात. ओढ्याच्या अलीकडे माझ्या पाचाच्या तीन कांड्या झाल्या. पाण्यात एक. पलीकडच्या काठावर काहीच नाही. जिपारने मला वर धरले, खाली धरले, फुंकर मारली. अजमतने आपला चकचकीत फोन हळूच खिशातून काढला, बघितला आणि अजून हळू परत ठेवला.

"बायके, तुमच्यात येते का?" जिपारने गोड आवाजात विचारले. आपल्यापेक्षा मोठ्या पुरुषाला आम्ही बायके म्हणतो आणि जिपार ते फक्त गोडीत आली की म्हणते.

"इथे जरा… ढग आहेत."

आकाश इतके निळे होते की करडीसुद्धा वर बघू लागली.

बुबूशने वाडगा भरून किमिझ दिला. अजमतने तो एका दमात प्यायला, मिशीला पांढरे लागले आणि मग तो खाली बघत म्हणाला, "ती पेटी कंपनीनेच बसवून दिलीये. म्हणतात, टॉवर होईल पुढच्या वर्षी. मी विचारलं नाही."

बुबूशने त्याचा वाडगा पुन्हा भरला. त्याच्या लाजेवरही पाहुणचारच झाला.

मग बुबूशने आपल्या रुमालाची गाठ सोडली आणि आतून निळे सिम काढून जिपारच्या हातावर ठेवले. "हे घेऊन जा आणि फिरून बघ. नकाशाबिकाशा मला कळत नाही. परवाच आणलंय, माझ्या घरात हे लागतच नाही, फक्त टेकाडावर लागतं. तुमच्याकडे कुठे लागेल, ते तुमच्या कुरणालाच विचार."

अजमत लाल सिम आणि जीप घेऊन निघून गेल्यावर जिपारने निळे सिम घालून मला कुरणाला विचारायला नेले. घरात निळे सिम मुके. ओढ्यावर मुके. खोगिरे ठेवतो तिथे मुके. शेवटी शिंगरे बांधायच्या दोरीच्या वर एक सपाट दगड आहे, तिथे दोन कांड्या आल्या. बारीकच, पण डोंगरावरून आलेल्या. मी त्यांची उलटतपासणी केली. बसलो, कूस बदलली, वारा आला, घोडी आडवी उभी राहिली. कांड्या हलल्या नाहीत.

संध्याकाळी आपा काठी टेकत दगडापाशी आली आणि तिने फोन लावला.

"कुबान, मी बोलतेय. दूध काढून झालं."

"हा कोणाचा नंबर? तू कुठून बोलतेयस?" कुबानच्या आवाजात संशय. मी त्याच्या खिशात वर्षे काढली, माझा गुण त्याला लागला की त्याचा मला, देव जाणे.

"बुबूशच्या सिमवरून. आपल्या कुरणातून."

"खोटं. तिथे रेंज नाही. तू त्या पायाने खाली रस्त्यावर आली आहेस. आपा, मी उद्याच ट्रक काढतो."

आपा वाद घालू लागली नाही. तिने मला कानापासून काढले आणि दोरीजवळ उभ्या करडीच्या नाकाशी धरले. करडीने मला हुंगले आणि थेट माझ्या तोंडात फुर्रर्र केले. मी ओला झालो.

"ही करडी ना?" कुबान म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "माझ्यावर पण अशीच खेकसायची. दोरीपाशी आहे ती?"

"दोरीपाशीच आहे. शिंगरू सोडून ती कुठे जाणार?"

"बरं. उद्या ह्याच वेळेला लाव. आणि आपा, तिला पण दे."

खालच्या बाजारातून आमचे स्वतःचे निळे सिम आले. आपा तो उन्हाळा जायलूवर राहिली आणि त्यानंतरचेही. रोज संध्याकाळी दोन आवाज खाली जायचे, एक आपाचा आणि एक करडीचा.

आता मी नमद्याच्या पिशवीत खुंटीवर लटकतो. जिपारने नवा फोन आणला आहे आणि तो म्हणतो, ओढ्यापलीकडे नवा टॉवर झालाय, आता घरातही रेंज येईल. म्हणतो. माझी काच तडकली आहे, पाचाचे बटण दोनदा दाबावे लागते, पण कान शाबूत आहेत. म्हणून मित्रांनो, एवढेच मागतो. मला अडगळीत टाकू नका, अधूनमधून उन्हात ठेवून पोटभर चार्ज करा. आणि कोणी लाल नकाशा घेऊन दारात आला, तर त्याला नान द्या, किमिझ द्या, हसून बोला. मग मला गळ्यात अडकवा आणि आधी ओढ्यापलीकडे न्या.