गरम फडक्याखालचे शून्य

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, मानवजातीला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या माझ्या पोटातून बाहेर पडली. निदान आमच्या घरात काही दिवस तसे समजले जात होते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे आम्ही सगळे भाऊ हुबेहूब सारखे होतो, त्यामुळे लाड कोणाचेच झाले नाहीत. एका दंतवैद्याने मला विकत आणले आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत, प्लास्टरच्या जबड्यांच्या कपाटाशेजारी बसवले. रुग्णांच्या वेळा लक्षात ठेवायच्या आणि दाढांचे एक्स-रे दाखवायचे, एवढेच माझे काम होते. दिवसभर लोकांच्या दाढा बघून कोणाचाही जीव विटेल. माझाही विटला.

पण डॉक्टरांच्या मनात वेगळेच काहीतरी ठणकत होते. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर घर होते आणि घरात त्यांचे वडील होते. वडील गणिताचे प्राध्यापक. मुलाने गणित सोडून दात धरले, हे त्यांच्या कधी पचनी पडले नाही. "याच्यावर बत्तीसच्या पुढे मोजायची वेळच येत नाही," असे ते पाहुण्यांसमोर सांगत. पाहुणे हसत. डॉक्टरही हसत, पण खाली येऊन पुढची दाढ जरा जोरातच उपटत.

मित्रांनो, मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणीही निःशेष भागू शकत नाही अशी संख्या. दोन, तीन, पाच, सात. स्वभावाने जरा तुसड्याच. त्यांना शेवट नाही, हे दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. म्हणजे सर्वांत मोठी कधीच सापडायची नाही, हे पक्के ठाऊक असूनही माणसे तिच्या मागे लागलेली आहेत. फार पूर्वी एका धर्मोपदेशकाने अशा काही मोठ्या संख्यांची यादी केली. तीत पाच चुका होत्या आणि त्या सगळ्या निघेपर्यंत तीनशे वर्षे गेली. त्या यादीतल्या एकाच संख्येचे भाजक शोधायला एका गृहस्थाने तीन वर्षांचे रविवार खर्ची घातले. पुढे यंत्रे आली आणि माणसांचे रविवार सुटले. आमचे गेले.

आमचे प्राध्यापकही तरुणपणी या नादाला लागले होते. हाताने दांडा फिरवायच्या गणकयंत्रावर, सुट्ट्यासुट्ट्यांत, कित्येक वर्षे ते एकाच संख्येच्या मागे होते. मग बातमी आली की कुठल्याशा दूरच्या विद्यापीठातल्या विजेच्या यंत्राने ती संख्या एका दुपारीत निकालात काढली. त्या दिवसापासून त्यांनी कोणालाही 'शाब्बास' म्हटले नाही. विद्यार्थ्यांना नाही, मुलाला तर नाहीच.

डॉक्टरांना तो एक शब्द हवा होता. पन्नाशी आली, डोक्यावरचे केस गेले, पण शब्द काही आला नाही. वडिलांची नजर अधू होत चालली होती, गुडघे धरले होते. फार वेळ उरला नव्हता.

जगभरचे हौशी लोक आपापले संगणक या शोधाला जुंपतात, असे डॉक्टरांनी कुठेतरी वाचले आणि मला जुंपले. एक मुख्य यंत्र प्रत्येकाला एकेक संख्या वाटून देते. दोनाला दोनाने कोट्यवधी वेळा गुणत जायचे आणि शेवटी एक वजा करायचा, अशी ती संख्या. तिचा कस लावायची रीत साधी आहे. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, त्याच संख्येने भागायचे, बाकी धरायची. पुन्हा वर्ग. असे महिनोन्‌महिने. अखेरीस बाकी शून्य उरली तर संख्या मूळ. मध्येच एखादा आकडा घसरला तर सगळे मुसळ केरात, आणि तो घसरला हे कळतही नाही.

मी जीव तोडून काम केले. जीव तोडला की अंग तापते. माझ्या डोक्यावरच्या झरोक्यातून गरम वारा सुटू लागला.

तो हिवाळा फार कडक होता. प्राध्यापकांचे गुडघे इतके दुखत की जिना उतरणे बंद झाले. सूनबाई औषध न्यायला खाली आल्या, सहज माझ्यावर हात टेकला आणि चमकल्या. दुसऱ्या दिवसापासून फ्लॅनेलच्या पिवळ्या फडक्याची घडी दुपारभर माझ्या झरोक्यावर विसावू लागली. ते तापले की वर जाई, गुडघ्यांवर बसे, गार झाले की परत येई.

"अहो, तुमच्या त्या डब्याचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला हं," सूनबाई दारातून म्हणाल्या.

डॉक्टर तेव्हा कोणाच्या तरी अक्कलदाढेत होते. "हं," म्हणाले.

मी गुदमरत होतो. तक्रार करायला माझ्याकडे पंख्याच्या घरघरीशिवाय काही नव्हते, आणि दात कोरायच्या यंत्रापुढे ती कोण ऐकणार?

अशाच एका दुपारी, डोक्यावर फडके असताना, माझी अखेरची बाकी निघाली. शून्य.

नियम असा की वेगळ्या जातीच्या दुसऱ्या दोन यंत्रांवर पडताळा होईपर्यंत कोणाशी बोलायचे नाही. डॉक्टरांनी पहिल्यांदा खुर्चीतल्या रुग्णाला सांगितले. त्याचे तोंड उघडे असल्याने अभिनंदन करता आले नाही. मग हातमोज्यांसकट ते जिन्याकडे धावले. दार उघडे होते, मला सगळे ऐकू आले.

"बाबा, शून्य उरलं!"

"कुठे?"

"बाकी हो! संख्या मूळ आहे. आजवरची सगळ्यांत मोठी!"

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"इकडे ये," प्राध्यापक म्हणाले. "जवळ ये, दिसत नाही मला. शाब्बास." मग जरा थांबून, "पडताळा झाला?"

"चालू आहे बाबा."

"होऊ दे."

तोंड मिटता येताच त्या रुग्णाने गावभर केले. शेजारीपाजारी मला बघायला येऊ लागले. मला ओल्या कापडाने पुसले, जबड्यांचे कपाट मागे सरकवले. बाहेरून मी लख्ख दिसू लागलो. आत कोणी पाहिले नाही. डॉक्टर शीळ घालत दात काढू लागले, रुग्णांना त्याची जरा धास्तीच वाटे.

आणि निकाल आला. दोन्ही यंत्रांवर बाकी उरली होती. शून्य नव्हे, आणि दोन्हीकडे अगदी तीच. मीच चुकलो होतो.

डॉक्टर प्लास्टरच्या जबड्यांमध्ये बसून राहिले. वरून रोज विचारणा होई आणि हे खालून सांगत, "अजून चालूच आहे, बाबा." बरेच दिवस ते चालूच होते.

शेवटी दुरुस्तीवाला आला. त्याने माझे झाकण काढले, पंख्यात बोटे घातली आणि पिवळ्या तुसाचा एक गोळा बाहेर ओढला.

"साहेब, आत उशी भरताय का? वारा अडला की तापून आकडा घसरणारच."

सूनबाई दारात उभ्या होत्या. हातात फडके होते. त्यांनी गोळ्याकडे पाहिले, फडक्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, हे बाबांच्या गुडघ्यांचं..."

माझी घरघर थांबल्यामुळे असेल, जिन्यावर पावले वाजली. प्राध्यापक कठडा धरून स्वतः खाली आले. गुडघे तेवढे सुधारले होते. डॉक्टरांनी सगळे सांगितले. प्राध्यापकांनी तो गोळा मागून घेतला आणि चिमटीत चाचपून पाहिला.

"म्हणजे मीच आड आलो."

"बाबा, तसं नाही हो."

"तसंच आहे. मग ती शाब्बास परत घ्यावी लागेल. गणितात भीड चालत नाही."

"हो, बाबा," डॉक्टर म्हणाले. ते हातमोजे काढू लागले, पण त्यांच्या हातात हातमोजे नव्हतेच.

प्राध्यापक कपाटाला टेकून उभे राहिले. "दुसरी संख्या घे," म्हणाले. "आणि उत्तर माझ्यापर्यंत लगेच येऊ दे. जे असेल ते."

दुसऱ्या संख्येसाठी दुसरा संगणक आला. मी बेभरवशाचा ठरलो होतो. त्याच्या झरोक्यावर कोणी हात टेकू धजत नाही. संध्याकाळी प्राध्यापक जिन्यातून विचारतात, "किती उरलं?" आणि डॉक्टर सांगतात, "पुष्कळ, बाबा." एवढे बोलणे या दोघांत पूर्वी होत नसे. तो शब्द मात्र अजून परत आलेला नाही. तरी तो येईल म्हणून डॉक्टर संध्याकाळी जिन्याकडे बघतातच.

मला वर प्राध्यापकांच्या खोलीत हलवले. तिथे मी कोणालाच नको असलेले वर्ग करत राहतो, कारण वर्ग केल्याशिवाय मी तापत नाही आणि तापल्याशिवाय फडके तापत नाही. मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे की यंत्राचा झरोका झाकू नका आणि अधूनमधून झाकण उघडून आत बघा. बाहेरून पुसल्याने आतले तूस जात नाही. आणि कोणाला शाब्बास म्हणायचे राहिले असेल तर पडताळ्याची फार वाट पाहू नका. पडताळ्यातून काय निघेल, सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात सूनबाईंनी शेकायची रबरी पिशवी आणली.