कवळी हातात असताना

माझं लग्न मोडलं ते एका बॉम्बमुळे. तोही आमच्या कोणाच्या जन्माआधी, कुठल्याशा लांबच्या देशात पडलेल्या.

तारीख ठरवायला दोन्ही घरची माणसं आमच्या पुढच्या खोलीत बसली होती. चहा येईपर्यंत सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. मग कोणीतरी बातम्यांतल्या लढाईचा विषय काढला आणि माझे बाबा म्हणाले, "एकदा अणुबॉम्ब टाकला की निकाल लागतो. तेव्हा नाही का लागला? लढाई आणखी लांबली असती तर दुप्पट माणसं मेली असती."

होणाऱ्या सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "आणि खाली जी पोरंबाळं भाजली, ती काय लढत होती?"

"पण लढाई थांबली ना?"

"ती थांबतच आली होती!"

"तुम्हाला कळवलं होतं वाटतं त्यांनी?"

झालं! दोघेही निवृत्त, दोघांनाही वेळच वेळ. आई बिस्किटांची बशी पुढे करतेय, होणाऱ्या सासूबाई नवऱ्याची बाही ओढताहेत, पण ऐकतो कोण. शेवटी सासरे ताडकन उठले. "माणसं जाळायचा हिशोब मांडणाऱ्या घरातली मुलगी आम्हाला नको!" बाबा म्हणाले, "आधी माफी मागा, मग पुढचं बोलू." ज्यांचं लग्न होतं ते आम्ही दोघं दाराशी उभे. खरं सांगते, दोन्ही म्हाताऱ्यांच्या डोक्यावर किटली ओतावीशी वाटली.

त्यातही संताप कशाचा आला सांगू? हे भाषण सासऱ्यांनी मी केलेल्या दातांनी ठोकलं. दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत मी कवळ्या बनवते. माझा होणारा नवरा तिथे पहिल्यांदा आला तोच त्याच्या वडिलांच्या कवळीसाठी. कवळी छान बसली, तरी याच्या खेपा काही थांबेनात.

त्यानंतर कोणी कोणाला फोन केला नाही. तो म्हणे, "आमचे बाबा निवळतील." माझे बाबा म्हणत, "ते वाकतील." ना कोणी निवळलं, ना कोणी वाकलं. मी मात्र दोन्हीकडून भरडून निघाले.

मग एका सकाळी सासरेबुवाच दवाखान्यात हजर. कवळी हिरडीला टोचत होती. इतकं तावातावानं बोलल्यावर टोचणारच. डॉक्टरीणबाईंनी त्यांना मागे माझ्याकडे पाठवलं. कवळी काढून माझ्या हातात देऊन ते स्टुलावर बसले.

"काका," मी म्हटलं, "भांडणात नसलेल्यांना मारू नये, हेच ना तुमचं म्हणणं? मग आम्ही दोघं कुठे भांडत होतो?"

ते काहीतरी फुसफुसले. दातांशिवाय शब्द कुठले यायला.

तेव्हा माझ्या मनात आलं, आणि खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं: दात माझ्या मुठीत आहेत. "आधी तारीख द्या, मग कवळी." एका वाक्यात लढाई खलास. माणूस नुसत्या दुधावर किती दिवस काढेल? त्या घडीला मला बाबांचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

मी मान वर केली. म्हातारा हातानं तोंड झाकून बसला होता. गाल आत गेलेले, नजर फरशीवर. माझ्यासमोर असं बसायची त्यांना लाज वाटत होती.

चडफडत मी कवळीची टोचणारी कड घासली, कवळी धुतली आणि त्यांच्या हातावर ठेवली. "चावून बघा."

त्यांनी ती बसवली, दोनदा दात आपटले आणि पहिलं वाक्य काय, तर "तुझे वडील चुकताहेत."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"त्यांनी ही परत दिली नसती," ते म्हणाले. "तू कवळी धरून थांबलीस ना, तेव्हाच ओळखलं मी, तुझ्या मनात काय आहे ते."

दारापर्यंत गेले आणि कडीवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"मीही दिली नसती," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले. "त्या दिवशी तारीख तरी कुठे दिली?"



"रविवारी येतो, तारीख ठरवायला. आणि वडिलांना सांग, मुद्दा मी सोडलेला नाही."