डिंकाचा हेवा

मी प्रयोगशाळेतली एक जुनी तपकिरी बाटली आहे. नंदुरबारच्या एका कॉलेजात माझी आठ वर्षं गेली. माझ्या पोटात उग्र वासाचं रसायन आहे.

मित्रांनो, संशोधन करणारी गायत्री तिथं प्लास्टिकच्या पट्टीवर केसाहून बारीक नाल्या कोरायची. रक्ताच्या एका थेंबावरून सिकलसेल हा रक्ताचा आजार ओळखणारी पट्टी तिला बनवायची होती. पट्टीवर लेप द्यायचा, नक्षीच्या साच्यातून प्रकाश पाडायचा. प्रकाश लागलेला लेप घट्ट होई, उरलेला मी धुऊन काढी, तिथं नाली उरे. "या बाटलीशिवाय आपलं पान हलत नाही," असं तिचे मार्गदर्शक जगदीश सर म्हणत. मी फुलून जाई.

भांडी धुणाऱ्या फुलीबाई मात्र नाकाला पदर लावत. "पोरी, मन्हं डोकं गरगरी ऱ्हायनं," त्या म्हणत. एक दिवस त्यांनी बाजारातून धावड्याचा डिंक आणला. "हाऊ पाणीमा विरघळस. यानावर जमी का, देख."

गायत्रीनं डिंकात प्रकाशानं घट्ट होणारं द्रव्य मिसळून लेप केला. तो धुवायला नुसतं पाणी लागणार होतं! लाडवात घालायचा डिंक माझ्या जागेवर बसणार? माझा जळफळाट झाला.

पहिला लेप सगळाच वाहून गेला. दुसरा तडकला. तिसरा, चौथाही फुकट गेला, तेव्हा गायत्रीनं वैतागून पुन्हा मला उचललं. मी जिंकले होते! घाईत तिनं माझं बूच उघडंच ठेवलं. खिडक्या बंद होत्या. थोड्या वेळानं फुलीबाई भांडी घ्यायला आल्या आणि मोरीपाशी कोसळल्या.

गायत्रीनं त्यांना ओढत बाहेर नेलं. "मावशी, डोळे उघडा ना!" ती रडत होती. फुलीबाई दवाखान्यातून चौथ्या दिवशी परतल्या. मला वाईट वाटलं. पण खरं सांगते, गायत्रीनं मला कपाटात कोंडलं, त्याचं त्याहून जास्त वाटलं.

मग ती हट्टानं डिंकालाच चिकटली. डिंक अधिक गाळला, लेप पातळ केला. अकराव्या पट्टीवर तिनं लाल शाईचा थेंब सोडला. तो बारीक नालीतून सरळ धावत गेला.

"मावशी, जमलं!"

फुलीबाईंनी पट्टी धुतली. नाकाला पदर न लावता.

कपाटाच्या काचेतून मी ते पाहिलं. डिंकाचा हेवा मला आजही वाटतो. तरी मित्रांनो, एवढं ऐका. माझ्यासारखीला हाताळताना खिडक्या उघडा, बूच घट्ट लावा, आणि काम संपलं म्हणून मला गटारात ओतू नका. जाणत्या माणसाच्या हाती द्या. माझं कौतुक नाही झालं तरी चालेल, पण माझ्यामुळे पुन्हा कुणी कोसळायला नको.