फितुराला आहेर

आमच्या घरातल्या सिकंदराचं नाव धम्मानंद. गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात, आणि बुद्धपौर्णिमेला विहारापुढं नाटक असलं की राजा तेच होतात. आवाज मोठा, छाती रुंद, आणि राजाला लागतो तो हट्ट तर लग्न झाल्या दिवसापासून मी बघतेय. मुकुटसुद्धा त्यांनी स्वतः पत्रा कापून, घासून केलेला आहे. इतका जड, की नाटकानंतर दोन दिवस कपाळावर वळ राहतो आणि हे तो वळ कामावर मिरवतात.

यंदा बाळकृष्ण मास्तर म्हणाले, कलिंगाचं युद्ध किती वर्षं लढायचं, आता ग्रीकांकडं जाऊ. मास्तर धारवाडच्या शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले. नाटक त्यांनीच लिहिलं. गोष्ट अशी, की सिकंदर राजाला मारायचा कट त्याच्याच माणसांनी रचला. फिलोटस नावाच्या सरदाराच्या कानावर तो आला, पण दोन दिवस तो राजाला काही बोलला नाही. कट उघडा पडल्यावर राजानं त्याला सैन्यापुढं उभं केलं. त्यांच्याकडची रीत म्हणे अशी, की अशा गुन्ह्याचा निवाडा सैन्यानं करायचा. सैन्यानं मृत्युदंड दिला. आणि मग राजानं फिलोटसच्या बापालाही मारायला माणसं पाठवली. बाप म्हणजे पार्मेनियन, राजाचा सगळ्यात जुना सेनापती. पोराला मारल्यावर बाप गप्प बसणार नाही, ही राजाला धास्ती.

मला ही गोष्ट नवी वाटली नाही. कारण आमच्या घरात हे नाटक आधीपासूनच चालू होतं.

आमचा राहुल दिवाळीनंतर गोव्याला पळून गेला. जहाजावरच्या किचनमध्ये नोकरी मिळाली होती त्याला. यांनी मात्र मालकाच्या हातापाया पडून त्याच्यासाठी आपल्या शेजारचंच लेथ मशीन मागून घेतलं होतं. वर्कशॉपभर पेढे वाटून झाले होते. ज्या दिवशी रुजू व्हायचं, त्या दिवशी पोरगा गायब. आणि मग कळलं, की गौतमीला, आमच्या थोरलीला, ते आधीच माहीत होतं. राहुलनं तिला शपथ घातली होती.

पळालेल्यावर राग काढता येत नाही, तो घरात असलेल्यावर निघतो. त्या दिवसापासून यांनी गौतमीशी बोलणं टाकलं. पाणी हवं असेल तर मला सांगणार, "तिला सांग, पाणी आण म्हणून." ती समोर उभी असायची. मी किती भांडले, रुसले, एकदा तर आमटीत मीठ घातलं नाही मुद्दाम. उपयोग शून्य. आता गौतमीला पुण्याच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली होती आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिची बस होती. बाप एक शब्द न बोलता पोरीला घराबाहेर जाऊ देणार, या विचारानं मला जेवण जाईना.

फिलोटसचं काम कॉलनीतला पिंटू करणार होता. नाटक आठवड्यावर आलं आणि त्याला गालगुंड झालं. दोन्ही गाल सुजून फिलोटसचा भोपळा झाला. सगळी भाषणं तोंडपाठ असलेली एकच व्यक्ती होती, प्रॉम्प्टिंग करणारी गौतमी. मास्तरांनी तिला मिशा चिकटवल्या. हे काही बोलले नाहीत. राजाला कलाकार नाकारता येत नाहीत.

मी तालमीला जाऊन बसायला लागले. कारण तिथं हे तिच्याशी बोलत होते. राजा म्हणून का होईना, नजरेला नजर देऊन बोलत होते. आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. शेवटी राजाला एक वाक्य होतं, "आता याचा बाप जिवंत राहता कामा नये." पिंटू समोर असताना हे ते वाक्य असं गर्जायचे, की विहारावरची कबुतरं उडायची. गौतमी उभी राहिल्यापासून ते वाक्य यांच्या तोंडातून निघेना. एकदा विसरले, एकदा खोकला आला, एकदा म्हणाले मास्तर, हे कापा. मास्तर म्हणाले, इतिहास कसा कापणार?

तेव्हाच मी ठरवलं आणि सुभाष रोडवर जाऊन एक चांगला जाड टॉवेल घेतला.

टॉवेलचं सांगायला पाहिजे. आमच्याकडं नाटक रंगात आलं, की बघणारे स्टेजवर जाऊन आपल्या माणसाला आहेर करतात. टॉवेल, हार, कोण काय. नाटक थांबतं, माईकवर नाव पुकारलं जातं, टाळ्या पडतात, मग पुढं चालू. मागच्या साली कलिंगाचा सेनापती मरून पडला होता. त्याचे सासूसासरे हार घेऊन आले. तो उठून बसला, हार घातला, सगळ्यांना जयभीम केला आणि परत मेला. कुणाला काही वावगं वाटलं नाही. आणि लग्न झालेल्यानं आहेर करायचा तर जोडीनंच करायचा. एकटं कुणी वर गेलं, की खालून ओरडा होतो.

पौर्णिमेच्या संध्याकाळी खीर शिजत होती आणि विहारापुढं बसायला जागा नव्हती. शेवटचा प्रवेश आला. गौतमी मध्ये उभी, मिशा लावलेली, हात मागं दोरीनं बांधलेले. हे सिंहासनावर. सैन्य म्हणजे आम्ही बघणारे. "मृत्युदंड!" असं ओरडायला मास्तरांनी पोरं आमच्यात पेरून ठेवली होती.

"फिलोटस, तुला कट माहीत होता?"

"होता, महाराज."

"मग तू मला का सांगितलं नाहीस?"

मी उठले आणि टॉवेल घेऊन स्टेजवर चढले. मास्तर सवयीनं माईकवर म्हणाले, "थांबा, थांबा, आहेर आलाय." मी गौतमीकडं गेलेच नाही. थेट सिंहासनापुढं जाऊन उभी राहिले.

"उठा."

"आं?"

"आहेर करायचाय. मी एकटी कशी करू?"

खालून ओरडा झाला, "जोडीनं! जोडीनं!" यांनी माझ्याकडं असं बघितलं, की खरी तलवार असती तर माझं काही खरं नव्हतं. पण चारशे माणसांपुढं काय करणार? मुकुट काढून सिंहासनावर ठेवला आणि खाली आले.

आहेर हात जोडून घ्यायचा असतो, आणि गौतमीचे हात मागं बांधलेले. ती गाठ कुणी सोडायची? मी टॉवेल धरून गप्प उभी राहिले. शेवटी हेच तिच्या मागं जाऊन वाकले. गाठ घट्ट होती. नखांनी ती सैल करत राहिले. आणि मग हळूच म्हणाले. वर लटकवलेल्या माईकचं त्यांना भान नव्हतं.

"का सांगितलं न्हाईस गं मला?"

"तुम्ही त्याला जाऊ दिला नसता, अप्पा."

"न्हाईच दिला असता."

"म्हणून."

"मला भ्यालीस व्हय?"

"न्हाई हो," गौतमी म्हणाली, आणि तिची एक मिशी सुटून खाली पडली. "तुम्ही रडाल म्हणून भ्याले."

दोरी सुटली. आम्ही दोघांनी मिळून टॉवेल तिच्या खांद्यावर घातला. टाळ्या वाजल्या नाहीत. कॉलनीतल्या प्रत्येकाला आमच्या घरातलं माहीत होतं.

मी खाली येऊन बसले. यांनी मुकुट घातला आणि सैन्याला विचारलं, "सांगा, या फितुराचं काय करायचं?" पेरलेली पोरं मुकी झाली. मास्तर विंगेतून "मृत्युदंड म्हणा रे!" असं दात ओठ खाऊन सांगत होते, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. तेवढ्यात मागून लक्कव्वा, जी अमरगोळच्या मार्केट यार्डात कांदा निवडते, ती उभी राहून कानडी-मराठीत ओरडली, "बिट्टबिडरी यप्पा! सोडा की पोरीला!" मग काय, सगळं सैन्यच ओरडायला लागलं. सोडा, सोडा.

हे उभे राहिले. हात वर केला.

"सैन्यानं निवाडा दिला आहे. फिलोटसला सोडा." मग थांबले. ते वाक्य आलं होतं. "आणि याच्या बापाकडं माणसं पाठवा," हे म्हणाले. आवाज पार गेलेला. "त्याला म्हणावं, पोरगी गुणाची हाय तुझी."

पडदा पडला. इतिहास बुडवला म्हणून मास्तरांनी खीर खायला नकार दिला, आणि नंतर दोन वाट्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौतमीची बॅग दारात होती. हे चहा पीत बसलेले, कपाळावर वळ. माझ्याकडं बघून म्हणाले, "तिला सांग..." एवढं होऊन परत तेच? पण ते स्वतःच थांबले, जीभ चावली आणि मान वळवली.

"गौतमी, डबा घेतलीस काय?"

"घेतले, अप्पा."

"आणि त्या दुसऱ्या फितुराचा नंबर लावून दे."

गौतमीनं फोन लावून त्यांच्या हातात दिला. स्पीकरवर राहुलचा आवाज आला, झोपेतला. "काय गं अक्का, निघालीस?"

यांनी घसा साफ केला. "अक्का न्हवं. राजा बोलतोय."

आणि एवढं म्हणून राजा जो रडायला लागला, तो काही केल्या थांबेना. शेवटी मलाच फोन घेऊन सांगावं लागलं, की बाबा, तुला माफी झालीय.